इंदूर ते नाशिक आठ टोल: रस्त्याचे पैसे वसूल झाले की नाही, हे कळणार कसं?

सुदामानगरकर

आई नाशिकला भावाकडे असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महिन्या-दीड महिन्याला माझी एक फेरी ठरलेली, गाडीनेच, कारण येताना कधी तिचं सामान असतं तर कधी ती स्वतः. सोनवाय, खलघाट, सेंधव्याजवळचा जामली, मग महाराष्ट्रात शिरपूर, सोनगीर, धुळं ओलांडलं की लळिंग, चांदवड आणि पिंपळगाव. आठ नाके. २०२५ च्या १५ ऑगस्टला तीन हजारांचा वार्षिक पास सुरू झाला तो मी पहिल्याच आठवड्यात काढला, २०० नाके किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, म्हणजे माझ्या बारा फेऱ्या आरामात बसतात. त्याआधी जाऊन-येऊन हजाराच्या वर जायचे. तेव्हा माझ्या खिशापुरता प्रश्न सुटलाय, पण डोक्यातून काही जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

मागच्या फेरीत एका नाक्यावर माझ्या पुढच्या ट्रकचा फास्टॅग काही केल्या वाचला जाईना. तिथला पोरगा हातातलं मशीन घेऊन ट्रकच्या काचेवर एकदा डावीकडून एकदा उजवीकडून धरत होता, ड्रायव्हर वरून टॅगवरची धूळ बाहीने पुसत होता, मागे हॉर्न. मला पाच-सात मिनिटं समोरचा बोर्ड वाचण्याशिवाय काही काम नव्हतं. दर लिहिलेले, कोणाकोणाला माफ आहे ती भली मोठी यादी लिहिलेली. पण या रस्त्याला किती लागले, आत्तापर्यंत किती गोळा झाले आणि हे कधी थांबणार, यातलं काहीच मला दिसलं नाही. असेलही कुठे बारीक अक्षरात, माझी नजर गेली नसेल.

घरी आल्यावर बाबांशी यावरूनच वाजलं. बाबांनी २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या इंदूर महापालिकेचे ग्रीन बाँड घेतले होते, जलूदच्या सोलर प्लांटसाठी काढलेले, पन्नास हजारांचे. व्याज वेळेवर येतं म्हणून ते खूष आहेत आणि आता त्यांना कोणीतरी हायवेच्या इन्व्हिटचे, म्हणजे तयार रस्ते ज्यात टाकतात त्या ट्रस्टचे, बाँड सांगितलेत, ज्याचं व्याज टोलमधून येतं. त्यांचं म्हणणं असं की कोणीतरी आधी पैसे घातल्याशिवाय रस्ता होत नाही, घालणाऱ्याला परत मिळायला नकोत का. माझं म्हणणं, गाडी घेताना रोड टॅक्स दिला, पेट्रोलमध्ये रस्त्याचा सेस देतोच आहे, आणि वर टोल, मग एकाच रस्त्याचे पैसे आम्ही किती वेळा द्यायचे आणि खर्च वसूल झाला हे ठरवणार कोण.

तर जाणकारांनी सांगा, खर्च वसूल झाल्यावर टोल बंद व्हायला हवा की नको? आणि ७१ वर्षांच्या माणसाने त्या बाँडमध्ये पैसे घालावेत का?

पंचगंगाकाठचा

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे इंदुरात. टोल म्हटलं की मला अजून ते दिवस आठवतात. आमच्याकडे शहरातलेच साधारण ५० किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घेतले, खर्च २२० कोटींचा आणि त्यासाठी तीस वर्षं टोल. शहरात शिरायच्या वाटांवर नाके. शेतावरून घरी यायचं तरी टोल, आजारी माणसाला दवाखान्यात आणायचं तरी टोल. माझा मामा गावातून रोज दूध घेऊन शहरात यायचा, त्याला दुसरी वाटच नव्हती. एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेले, तरी मोर्चात पुढे असायचे, गोविंद पानसरे असायचे, आणि मागे सगळं गाव, पेठांमधल्या बायका लाटणी घेऊन आलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. २०१५ च्या डिसेंबरात सरकारने टोल रद्द केल्याचं जाहीर केलं तेव्हा साखर वाटली लोकांनी.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे, जिथे माणसाला दुसरा रस्ताच नाही तिथे टोल लावणं हा अन्याय आहे.

पण एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, ती प्रामाणिकपणे सांगतो. नाके गेले, पण कंपनीचे पैसे द्यावेच लागले, चारशे कोटींच्या वर, आणि ते गेले सरकारी तिजोरीतून. म्हणजे आमच्या पेठेतल्या गटारीचे आणि रस्त्याचे पैसे कुठेतरी गोंदियातल्या, परभणीतल्या माणसानेही भरले. त्याचा काय संबंध होता? रद्द करा म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो, आज परत वेळ आली तरी जाईन, पण हे मनात राहिलंय.

मानपूर_घाट

सुदामानगरकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण तो जरा उलटा धरलाय असं मला वाटतं. मी रस्त्याच्या कामातच तीस वर्षं काढली, टोल रोडच्या आधीच्या सर्व्हेपासून, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याला वाटतं की रस्त्याला इतके कोटी लागले, म्हणून टोल इतका. तसं नाहीये. नॅशनल हायवेवर २००८ चे फी नियम लागू आहेत आणि त्यात दर किलोमीटरवर बांधलाय, कारला ६५ पैसे किलोमीटर, २००७-०८ चा पाया धरून, आणि दर १ एप्रिलला त्यात ३ टक्के सरळ वाढ अधिक घाऊक महागाई जितकी वाढली त्याच्या ४० टक्के. बायपास, मोठा पूल, उन्नत रस्ता असला तर वेगळा हिशोब, पण साध्या चौपदरी तुकड्याला हेच. म्हणजे तुकडा पाचशे कोटींत झाला काय आणि नऊशे कोटींत झाला काय, तुमच्या कारचा दर तोच. खर्चाने बदलतं ते दुसरंच काहीतरी: किती वर्षं वसुली करायची, सरकारने सुरुवातीला किती अनुदान द्यायचं, किंवा उलट कंपनीने सरकारला दरवर्षी किती द्यायचं. टेंडर त्याच्यावरच लागतं. म्हणून "खर्च वसूल झाला का" यापेक्षा "करार किती वर्षांचा आणि गाड्या अंदाजापेक्षा जास्त आल्या तर फायदा कोणाचा" हे विचारा.

आता हा गाड्यांचा अंदाज कसा निघतो ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. मी नवीन होतो तेव्हा मानपूरच्या वर ढाब्याशेजारी आम्ही चार पोरं सात दिवस सात रात्री बसलो होतो, आठ-आठ तासांच्या पाळ्या, हातात छापील तक्ता, कार, मिनीबस, दोन एक्सल, तीन एक्सल, ट्रॅक्टर असे रकाने आणि प्रत्येक गाडीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. पहाटे तीन-साडेतीनला घाट चढून आलेल्या ट्रकचे दिवे धुक्यात दिसायचे आणि किती एक्सल आहेत ते आवाजावरून ओळखायची सवय लागली होती. त्या रेघांची बेरीज वर गेली, तिला पुढच्या वीस वर्षांची वाढ लावली, आणि त्या कागदावर बँकेने कर्ज दिलं. वाढीचा टक्का एकाने जरी जास्त धरला तरी वीस वर्षांनंतरचं चित्र पार बदलतं. २००७ ते २०१२ मध्ये देशभर अशी वारेमाप टेंडरं भरली गेली, गाड्या आल्या नाहीत, जमिनी वेळेवर मिळाल्या नाहीत, कंपन्या बसल्या आणि बँकांची कर्जं बुडाली. ते नुकसान कोणत्याही नाक्यावरच्या बोर्डावर नसतं, पण शेवटी सरकारी बँकांना भांडवल देताना आपणच भरलंय.

करारात यासाठी एक कलम असतं, लक्ष्य वाहतूक. ठरलेल्या तारखेला गाड्या अंदाजापेक्षा १ टक्का कमी निघाल्या तर कराराची मुदत दीड टक्क्याने वाढते, जास्तीत जास्त २० टक्के. आणि १ टक्का जास्त निघाल्या तर पाऊण टक्क्याने कमी होते, जास्तीत जास्त १० टक्के. दोन्ही बाजू बघा म्हणजे पारडं कुठे झुकतं ते कळेल.

आणखी एक. तुम्हाला तो एक रस्ता वाटतो पण कागदावर तो एक नाहीये. इंदूर-खलघाट वेगळा, खलघाट ते महाराष्ट्र सीमा वेगळा, सीमा ते धुळे वेगळा, धुळे ते पिंपळगाव वेगळा, पुढे नाशिककडचा आणखी वेगळा. प्रत्येकाचा करार, तारीख, भांडवल वेगळं. त्यामुळे "इंदूर-नाशिक वसूल झाला का" याला एक उत्तर असूच शकत नाही.

खर्च निघाल्यावर टोल शून्य होतो हाही गैरसमज आहे. २००८ च्या नियमात भांडवल वसूल झाल्यावर किंवा करार संपल्यावर दर ४० टक्क्यांवर आणायची तरतूद होती. शून्य तेव्हाही नव्हतं, कारण देखभाल आहे, डांबराचा थर काही वर्षांनी परत टाकावा लागतो.

बोर्डावर नाही दिसलं तर हायवे प्राधिकरणाची टोल इन्फर्मेशन सिस्टीम म्हणून साईट आहे, तिथे नाक्याचं नाव टाका. भांडवली खर्च, आजवरची जमा, कराराची मुदत, लक्ष्य वाहतूक हे सगळे रकाने आहेत. काही नाक्यांचे रकाने रिकामे दिसतात, तेव्हा माहिती अधिकारात मागा, मी मागितलीय आणि मिळालीय.

मांडवीकर_बडोदे

इंदूरकरांच्या चर्चेत बडोद्याहून घुसतोय, माफ करा, पण वसुलीवरून आमच्याकडचं उदाहरण द्यायलाच हवं.

बडोदा-हालोल रस्ता २००० साली टोलवर सुरू झाला, ३२ किलोमीटरच्या आसपास, राज्य सरकार आणि एक मोठी वित्तसंस्था मिळून. देशातल्या सुरुवातीच्या अशा रस्त्यांपैकी तो एक. करार तीस वर्षांचा, पण त्यात लिहिलेलं असं की कंपनीला एकूण खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळाला पाहिजे आणि तो मिळेपर्यंत मुदत वाढू शकते. गाड्या धरल्या होत्या त्यापेक्षा कमी आल्या. आता हिशोब घरी करून बघा. शंभर रुपये द्यायचे राहिले, २० टक्क्याने पुढच्या वर्षी १२०, मग १४४, मग १७३, चौथ्या वर्षी २०७. चार वर्षांत दुप्पट. टोलची जमा त्या वेगाने कधी पळणार? म्हणजे रस्त्यावर खड्डा नसेल, नाक्यावर रांग असेल, तरी वहीत खर्च "वसूल" होतच नाही, उलटा फुगतो.

दिल्ली-नोएडाचा डीएनडी पूल २००१ मध्ये सुरू झाला, तोही याच २० टक्क्यांच्या सूत्रावर. २०१६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने टोल थांबवला आणि २०२४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम केला. लोक पंधरा वर्षं भरत होते हो.

आमच्या हालोल रस्त्यावर २०१६ च्या १५ ऑगस्टपासून कारला टोल नाही, राज्याच्या सगळ्याच टोल रस्त्यांवर आनंदीबेन पटेल मुख्यमंत्री असताना छोट्या खासगी गाड्यांना माफी जाहीर केली. पावागडला जाताना आता कोणी अडवत नाही, बरं वाटतं. पण कंपनीला भरपाई राज्य देतं. कोल्हापूरवाल्या दादांनी लिहिलंय तेच.

तेव्हा सुदामानगरकर, टोल आहे की नाही यापेक्षा परताव्याचा टक्का काय लिहिलाय तो शोधा.

देवासनाका_ट्रान्सपोर्ट

माझ्या सहा गाड्या आहेत, मंदसौर-नीमचचा लसूण आणि धने खाली नाशिक-मुंबईकडे, येताना जे मिळेल ते. कारवाल्यांना पास मिळाला, आनंद आहे, पण तो पास फक्त खासगी कार-जीपला आहे, आमच्या गाडीला नाही. २००७-०८ च्या पायावर कारला ६५ पैसे तेव्हा दोन एक्सल ट्रकला २ रुपये २० पैसे, तिथून वाढत आलंय. डिझेलनंतर माझ्या वहीत दुसरा नंबर टोलचाच आहे.

तरी मी टोल बंद करा म्हणणार नाही, आणि का ते ऐका. जुना एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता, मी क्लीनर म्हणून बघितलाय, वडिलांच्या गाडीवर. सेंधव्याच्या आधी गाडी तुटली की दोन दिवस तिथेच, बिजासन घाटात जाम लागला की भाजी गाडीतच सडायची. गणेश घाटात ब्रेक गेलेल्या किती गाड्या समोरून येणाऱ्यांवर गेल्या ते तिथल्या लोकांना विचारा, आमच्या ओळखीतले दोघं गेले. तिथे आता वेगळा रस्ता काढलाय तर रात्री ड्रायव्हरचा फोन वाजला की छातीत धस्स होत नाही. याचे पैसे द्यायला मी तयार आहे. चांगल्या रस्त्यावर टायर टिकतो, महिन्याला एक फेरी जास्त होते.

माझा राग वेगळा आहे. मागच्या पावसाळ्यात एका नाक्यावर माझ्या एकाच गाडीचे चार मिनिटांत दोनदा पैसे कापले गेले. मेसेज आले ते जपून ठेवलेत. हायवेच्या १०३३ हेल्पलाईनला फोन लावला तर म्हणे बँकेला सांगा, बँकेत गेलो तर म्हणे नाक्यावरून येऊ द्या. एकवीस दिवस. पैसे मिळाले शेवटी, पण तेवढ्यात मी कितीदा धंदा सोडून बसलो. आणि त्याच तुकड्यावर सर्व्हिस रोडला गुडघाभर खड्डे होते. पैसे घेताना सेकंदाला घेता, तर रस्ता खराब असेल तेव्हा त्या दिवसांचा टोल कमी का करत नाही? करारात देखभाल लिहिलेलीच असते, बरोबर ना मानपूर घाट साहेब?

मानपूर_घाट

बरोबर. देखभालीचे निकष करारात असतात, खड्डा किती तासांत बुजवायचा इथपर्यंत, आणि दंडही असतो. पण तो दंड कंपनीकडून प्राधिकरणाला जातो, तुमच्या गाडीला त्यातलं काही मिळत नाही. तक्रार करताना किलोमीटर दगडाचा नंबर आणि फोटो द्या, नुसतं "रस्ता खराब" म्हटलं की कोणी हलत नाही.

कृष्णपुरा_छत्री

सगळे आजच्या टोलवर बोलताय, मी इतिहास शिकवते म्हणून थोडं मागे जाते. विषय सोडत नाहीये.

आपल्या गावात रेल्वे आली ती कर्जावर आली आणि ते कर्ज दिलं होळकरांनी. दुसरे तुकोजीराव महाराजांनी खांडवा-इंदूर लाईनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं, आणि जमीन फुकट. १८७० च्या दशकात ती लाईन झाली, नावच होळकर स्टेट रेल्वे. मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल त्यातलाच. लहानपणी आजोळी खांडव्याला जाताना छोट्या लाईनच्या गाडीत आजोबा पाताळपाणी आलं की खिडकीतून हात बाहेर करून सांगायचे, हा घाट आपल्या सरकारच्या पैशाने फुटलाय. आम्हा पोरांना तेव्हा धबधब्यात रस.

हे सांगायचं कारण असं. त्याच्या आधी वीस वर्षं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा करार झाला, १८४९ मध्ये, तो लंडनच्या भागधारकांशी. त्यांना ५ टक्के हमी. रेल्वेने कमावलं नाही तर उरलेलं हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून. हमी मिळाल्यावर कंपनीला काटकसर करायची गरजच राहिली नाही, पैसा उधळला तरी ५ टक्के ठरलेले. त्या काळापासून या हमीवर टीका होत आली. बडोदेकर, तुमचा २० टक्क्यांचा करार वाचून मला तोच आठवला, फक्त टक्का चौपट.

होळकरांच्या व्यवहारात व्याज कमी होतं, पैसा इथला होता आणि ज्या मुलखासाठी घातला तो मुलूख देणाऱ्याचाच होता. राजाने परक्या सरकारला दिलेलं ते कर्ज होतं, त्यात राजकारण होतं, लाईन कुठून जाणार यात त्यांचा स्वार्थ होता, हे मी नाकारत नाही. पण कर्ज देणारा आणि गाडीत बसणारा एकाच गावचा असला की हिशोब विचारायची सोय असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून सुदामानगरकर, तुमच्या बाबांनी जलूदचे बाँड घेतले ते वाचून मनापासून आनंद झाला.

रामबाग_बँकवाली

बाबांच्या पैशांबद्दल कोणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून मी लिहिते, बँकेत होते, आता निवृत्त.

दोन्ही बाँड दिसायला सारखे, दोन्हीचं व्याज सहामाही, दोन्ही आठ टक्क्यांच्या आसपास, पण आत वेगळे आहेत. महापालिकेने २४४ कोटी उभे केले ६० मेगावॅटच्या सोलरसाठी, ८.२५ टक्क्याने, आणि मुद्दल एकदम नाही तर चार भागांत, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी परत. सोलर कशाला, तर नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर, तेही डोंगर चढवून इंदुरात आणायचं, त्याचं विजेचं बिल महिन्याला कोट्यवधी रुपये. १९७० च्या आंदोलनात माझे वडील होते, नर्मदा इंदुरात आणा म्हणून, आणि १९७८ ला पाणी आलं तेव्हा आमच्या वाड्यात नळाची पूजा केली होती. पाणी आलं पण ते बिल तेव्हापासून मानेवर आहे. वीज स्वतः केली की बिल वाचतं, वाचलेल्यातून कर्ज फिटतं. यात गाड्यांचा अंदाज नाही, पाणी रोज लागणारच आणि ऊन साधारण किती पडतं ते माहीत आहे. प्लांटमधून कमी वीज निघाली तरी महापालिका कराच्या पैशातून देणं लागते, म्हणजे मग आपल्या घरपट्टीवर येतं, तेही ध्यानात ठेवा.

हायवेचं वेगळं आहे. प्राधिकरणावर २०२२ पर्यंत सुमारे साडेतीन लाख कोटींचं कर्ज चढलं, त्याच काळात तयार रस्ते ट्रस्टमध्ये टाकून त्यावर पैसे उभे करायचं सुरू झालं. पहिल्या पाच रस्त्यांत आपल्या ओळखीचा बेळगाव-कागल आहे. मोठा पैसा कॅनडाच्या पेन्शन फंडांचा आला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सामान्य लोकांसाठी बाँड काढले, कमीत कमी दहा हजार. २०१८ मध्ये तर नऊ रस्ते, ६४८ किलोमीटर, तीस वर्षांच्या टोलसकट एका परदेशी कंपनीला दिले, ९,६८१ कोटी एकरकमी घेऊन. म्हणजे रस्ता जुना, खर्च केव्हाच झालेला, पण त्यावरचा पुढचा टोल आज विकून नवीन रस्ता बांधायचा. म्हणून सुदामानगरकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे, तुम्ही आज भरता तो टोल कधी कधी ज्या रस्त्यावर आहात त्याचा नसतोच.

मुंबई-पुण्याचंच बघा, २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या टोलसाठी कंपनीने ९१८ कोटी दिले, आणि मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी. रस्ता तोच. मला यात गैर वाटतं ते एवढंच की हा पैसा कुठे गेला ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगितलं जात नाही.

बाबांसाठी माझं मत: ट्रस्टच्या त्या बाँडची मुदत फार लांब होती, पंचवीस वर्षांपर्यंत. ७१ व्या वर्षी तिथे मोठी रक्कम अडकवू नये. बाजारात विकता येतो म्हणतात, पण छोट्या माणसाला हवा त्या दिवशी हवा तो भाव मिळत नाही, मी काउंटरवर रडणारी माणसं बघितलीत. घ्यायचाच तर नॉमिनी नीट भरा, आणि औषधपाण्याचे पैसे एफडीतच राहू द्या.

पंचगंगाकाठचा

ताई, तुमचं वाचून एक विचारावंसं वाटतं. जुन्या रस्त्याचा टोल विकून नवीन बांधायचा, ठीक, पण मग त्याला टोल का म्हणायचं, तो करच झाला की. कर लावायला विधानसभेत, संसदेत बोलावं लागतं. करार मात्र टेबलावर होतो आणि तीस वर्षं बांधून ठेवतो, ज्यांनी मतं दिली नव्हती त्या पोरांनाही.

रामबाग_बँकवाली

खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुदामानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवतोय, चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा. होळकरांचं एक कोटीचं वाचलं तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं. त्यांचं ठरलंय, जलूदचे आहेत ते राहू देणार आणि हायवेचे नाही घेणार, घेतले तरी दहा हजारांच्या वर नाही.

मी काल रात्री बसून त्या साईटवर आठही नाके एकेक करून काढले. मानपूर घाट साहेब, तुम्ही म्हणालात तसंच आहे, काही रकाने भरलेले, काही रिकामे, आणि मला हवा होता तो रकाना, करार संपायची तारीख, तिथेच माझा गोंधळ होतोय, कारण मुदत वर्षांत दिलीय आणि ती कोणत्या तारखेपासून मोजायची ते कळत नाही. काम सुरू झालं त्या दिवसापासून की टोल सुरू झाला त्या दिवसापासून? शनिवारी परत निघतोय, या वेळी प्रत्येक नाक्यावर गाडी बाजूला घेऊन बोर्डाचा फोटो काढणार. आईला सांगितलंय उशीर होईल.

मानपूर_घाट

बहुतेक करारांत "नेमलेली तारीख" म्हणून एक दिवस असतो, पैशांची व्यवस्था पूर्ण झाल्यावर ठरणारा, मुदत तिथून मोजतात. बांधकामाची वर्षं त्यातच धरलेली असतात. माहिती अधिकाराच्या अर्जात हाच शब्द वापरा आणि लक्ष्य वाहतुकीची तपासणी झाली का, झाली असेल तर मुदत किती दिवसांनी वाढली किंवा घटली, हे दोन ओळीत वेगळं विचारा. एका अर्जात एकाच तुकड्याचं. पाच तुकडे, पाच अर्ज, दहा-दहा रुपये.

फोटो काढाल तेव्हा बोर्डाची मागची बाजूही बघा. सोनवायपासून सुरू करा, तिथे सकाळी आठच्या आत पोचलात तर गर्दी नसते.

देवासनाका_ट्रान्सपोर्ट

फोटो इथे टाका भाऊ. शिरपूरपासून पुढच्या तुकड्यांचे अर्ज मी भरतो, माझा एक भाचा धुळ्यात वकिली करतो, त्याच्याकडून लिहून घेतो.